गठ्ठा कोणाचा?

निवडणुकीचा निकाल लागला की नागपूरच्या रामदासपेठेत एक वाक्य हमखास कानावर येतं. सेंट्रल बाजार रोडवरच्या दवाखान्यांत, लेंड्रा पार्कात सकाळी फिरणाऱ्यांच्या घोळक्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते सारख्याच शब्दांत म्हटलं जातं. ‘आपण विकासाला मत देतो, ते लोक जातीला देतात.’ जून 2024 मध्ये नितीन गडकरींचं मताधिक्य 2 लाख 16 हजारांवरून 1 लाख 37 हजारांवर आलं, तेव्हा हे वाक्य जरा चिडून म्हटलं गेलं. सोबत त्या वर्षी विदर्भभर फिरलेला ‘डीएमके’ हा शब्दही होता, म्हणजे दलित, मुस्लिम, कुणबी. जणू या तीन नावांखाली माणसं राहतच नाहीत, नुसती मतं राहतात.

या मताचा पूर्ण आशय असा आहे. शिकलेला, कर भरणारा, पेपर वाचणारा माणूस उमेदवाराचं काम पाहतो, सिमेंटचे रस्ते, उड्डाणपूल, मेट्रो यांचा हिशेब करतो आणि मग बटण दाबतो. इंदोरा, टिमकी, मोमीनपुरा इथला माणूस मात्र आडनाव पाहतो, वस्तीतल्या पुढाऱ्याचा इशारा ओळखतो आणि गठ्ठ्याने मत टाकतो. पहिल्याचं मत विचारातून येतं, दुसऱ्याचं रक्तातून. म्हणून लोकशाही नासली आहे आणि ती नासवणारे ‘ते’ आहेत. काही जण पुढची पायरीही मोकळेपणाने बोलतात. मताचा हक्क सरसकट द्यायलाच नको होता, शिक्षणाची काहीतरी अट हवी होती.

मला या मताचा राग येतो. अडाणी माणसाच्या तोंडी ते असतं तर आला नसता. पण रिपोर्ट पाहिल्याशिवाय निदान न करणारे डॉक्टर आणि पुराव्याशिवाय युक्तिवाद न करणारे वकील हे बोलतात, आणि या एका बाबतीत पुरावा पाहायची गरज त्यांना वाटत नाही.

पुरावा काय सांगतो? लोकनीती-सीएसडीएस ही संस्था दर लोकसभा निवडणुकीनंतर देशभर मतदारांची पाहणी करते. 2019 आणि 2024 या दोन्ही निवडणुकांनंतरच्या पाहणीत उच्चवर्णीय हिंदूंची निम्म्याहून जास्त मतं एकट्या भारतीय जनता पक्षाला गेलेली दिसतात. दलितांची मतं त्या मानाने भाजप, काँग्रेस, बसप आणि राज्याराज्यांतले पक्ष यांच्यात वाटली गेली होती. एकाच टोपलीत सर्वांत जास्त मतं कोणी टाकली, हा प्रश्न गठ्ठ्याबद्दल बोलणाऱ्याने विचारायलाच हवा. एका वस्तीने एका पक्षाला मत दिलं तर ती व्होट बँक आणि एका पेठेने दिलं तर ती राष्ट्राची काळजी, हा भेद कोणत्या निकषावर केला?

यावर उत्तर येतं की आमचं मत विचारधारेचं आहे, ते योगायोगाने एका जातीत एकवटलं. ठीक. मग तीच मुभा इंदोऱ्याला का नाही? 1942 च्या जुलैमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना याच नागपुरात झाली. 14 ऑक्टोबर 1956 ची धम्मदीक्षा रामदासपेठेपासून फार दूर झाली नाही. 3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्षही इथेच जन्माला आला. ज्या घरात घटनेची प्रत देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेली असते, त्या घराला विचारधारा नाही असं म्हणायचं? महालातून निघालेली संघाची 1925 ची परंपरा विचार ठरते आणि दीक्षाभूमीची परंपरा जात ठरते, हे वर्गीकरण करताना कोणी कोणाला विचारलं होतं?

शिक्षणाची अट घातली तर जात गळून पडेल या म्हणण्याचा तर प्रयोगच आपल्या शहरात आहे. दर सहा वर्षांनी होतो. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात फक्त पदवीधर मत देतात. फॉर्म 18 भरायचा, पदवीची प्रत जोडायची, आणि हे दर निवडणुकीला नव्याने करायचं. म्हणजे नुसता शिकलेला नव्हे, तर शिकलेला आणि खटपट करणारा मतदार. गंगाधरराव फडणवीस आणि त्यानंतर नितीन गडकरी ज्या जागेवरून गेले ती ही जागा अर्धशतकाहून जास्त काळ एकाच विचाराच्या पक्षाकडे राहिली. विचारांती मत देणाऱ्यांचं मन इतक्या वर्षांत एकदाही बदललं नाही? सरकारं आली, गेली, आणीबाणी आली, मंडल आलं, खुली अर्थव्यवस्था आली. पदवीधरांचा कौल हलला नाही. ही पक्षनिष्ठा आहे, आणि ती कशी टिकते हे ज्यांनी फॉर्म 18 चे गठ्ठे हाताळले आहेत त्यांना ठाऊक आहे. कार्यकर्ता सगळ्या पदवीधरांकडे जात नाही. तो आपल्या शाखेतल्या, आपल्या बँकेतल्या, आपल्या शाळेतल्या, आपल्या नात्यातल्या माणसांकडे जातो. मतदारयादी बनतानाच मत ठरलेलं असतं. डिसेंबर 2020 मध्ये काँग्रेसच्या अभिजित वंजारींनी ही जागा भाजपच्या संदीप जोशींना हरवून घेतली, तेव्हा उमेदवारांच्या जाती कोणत्या, तेली-कुणबी पदवीधर कुठे वळतील, याची चर्चा शहरात उघडपणे चालली होती. एकही निरक्षर माणूस या निवडणुकीत मतदार नव्हता. पदवीने जात धुतली जाते असं म्हणणाऱ्यांनी या एका मतदारसंघाचा खुलासा करावा.

आता ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याकडे पाहू. दलित मत गठ्ठ्याने पडत असतं तर रिपब्लिकन पक्षाची इतकी शकलं झाली असती का? 2014 मध्ये राखीव असलेल्या उत्तर नागपुरात बौद्ध मतं काँग्रेसचे नितीन राऊत आणि बसपचे किशोर गजभिये यांच्यात विभागली आणि भाजपचे डॉ. मिलिंद माने निवडून आले. 2019 मध्ये त्याच मतदारसंघाने राऊतांना परत आणलं. 2019 च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडीला महाराष्ट्रात सुमारे 41 लाख मतं पडली. पाच वर्षांनी ती निम्म्याहूनही कमी झाली, कारण संविधानाचा प्रश्न मोठा आहे असं मतदाराला वाटलं आणि मतविभागणी नको असं त्याने ठरवलं. नागपुरात तर वंचितनेच काँग्रेसच्या विकास ठाकरेंना पाठिंबा दिला. या मतदाराच्या निर्णयाशी तुमचा मतभेद असू शकतो. पण पक्ष तोलणारा, एकदा देऊन पाहणारा, फसलं वाटलं तर काढून घेणारा हा मतदार विचार करत नाही असं कोणत्या तोंडाने म्हणता?

आणि महाराष्ट्राने 2024 मध्ये जे केलं त्याचं या सिद्धान्तात काय करायचं? लोकसभेत महायुतीला 48 पैकी 17 जागा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेत 288 पैकी 230. मधल्या सहा महिन्यांत कोणाची जात बदलली? कुणबी कुणबीच होते, तेली तेलीच, बौद्ध बौद्धच. बदलले ते प्रश्न, बदलली ती सरकारी योजना, बदलला तो उमेदवार. जातीवरच सगळं ठरत असतं तर हे दोन निकाल एका वर्षात लागूच शकले नसते.

माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई काचीपुऱ्यात राहतात. त्यांच्यासमोर एकदा एका पाहुण्यांनी हेच गठ्ठ्याचं वाक्य उच्चारलं. ते गेल्यावर बाई कणीक मळता मळता म्हणाल्या, ‘काहून जी ताई, आम्ही इचार नाही करत का? पट्ट्याचे कागद कोन देते, पोरीची स्कॉलरशिप कोनाच्या टायमाले अटकली, हे आमाले नाही समजत? लोकसभेले संविधानाची गोष्ट होती, घरातली सारी मतं तिकडं गेली. विधानसभेले माह्या सुनेच्या खात्यात पंधराशे आले, तिनं तिकडं देलं. म्या नाही देलं. दोघी भांडलो बी.’ सासू-सून एका खोलीत राहतात, एका जातीच्या आहेत, एका बुद्धविहारात जातात आणि भांडून वेगवेगळं मत देतात. मला रामदासपेठेतली अशी घरं माहीत आहेत जिथे आजोबा, वडील आणि नातू यांनी आजवर एकच चिन्ह पाहिलं आहे आणि उमेदवाराचं नाव मतदानाच्या सकाळी चिठ्ठीवर वाचलं आहे. विचार करून मत देणारं घर यातलं कोणतं?

‘आम्ही माणूस पाहतो’ हा दावाही तपासण्याजोगा आहे. बनवारीलाल पुरोहित नागपुरातून 1984 आणि 1989 मध्ये काँग्रेसचे खासदार झाले, 1996 मध्ये भाजपचे झाले. माणूस तोच, शहर तेच. ज्या घरांनी त्यांना आधी नाकारलं होतं आणि नंतर स्वीकारलं, त्यांनी या काळात त्यांचं कोणतं काम नव्याने पाहिलं? आशिष देशमुख 2019 मध्ये देवेंद्र फडणवीसांच्या विरोधात काँग्रेसकडून उभे होते, 2024 मध्ये सावनेरहून भाजपचे आमदार झाले. चिन्ह बदललं की माणूस चांगला होतो किंवा वाईट होतो. तो आधीचाच माणूस असतो.

नागपूरचा इतिहास मात्र या शहराच्या सामान्य मतदाराच्या बाजूने बोलतो. 1962 मध्ये लोकनायक बापूजी अणे स्वतंत्र विदर्भाच्या मागणीवर अपक्ष निवडून आले. 1971 मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट असताना नागपूरने जांबुवंतराव धोटेंना पाठवलं. 1977 मध्ये देशात इंदिराविरोधी लाट असताना नागपूरने काँग्रेसचे गेव्ह अवारी निवडले. ‘जनरल’ मंचेरशा अवारींचे ते चिरंजीव, पारशी. या शहरात पारशी मतं किती असतील? मूठभर. बाकीची लाखो मतं कोणत्या जातीची होती आणि त्यांनी कोणती जात पाहिली?

जात पाहून मत देणं म्हणजे आंधळेपणा, हे गृहीतकही मला मान्य नाही. टिमकी-गोळीबार चौकाच्या बाजूला राहणाऱ्या हलबा कोष्ट्यांचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिलिंद खटल्यात हलबा-कोष्टी हे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत असा निकाल दिला. जुलै 2017 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की अवैध ठरलेल्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही. डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर टाकलं, आणि तेही 11 महिन्यांच्या मुदतीवर. वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, घराचं कर्ज चालू, मुलगी कॉलेजात, आणि एका आदेशाने तो तात्पुरता झाला. निकाल बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे. पण हा माणूस मध्य नागपुरात मत देताना ‘आमच्या दाखल्याचं काय?’ असं उमेदवाराला विचारतो आणि तिकीट आपल्या समाजाला मिळालं की नाही हे पाहतो, तेव्हा तो आपल्या पोटाचा प्रश्न विचारत असतो. आयकराची मर्यादा वाढली म्हणून खूश होऊन मत देणारा पगारदार जसा स्वतःचं हित पाहतो, तसाच हाही. सरकारने ज्याचं आयुष्य जातीच्या कागदावर टांगलं आहे त्याने मतदानाच्या खोलीत जात विसरावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

पक्षांचंही तेच. वसंतराव भागवतांनी 1980 च्या दशकात माळी, धनगर, वंजारी यांना जोडणारं ‘माधव’ सूत्र मांडलं आणि त्यावर भाजप महाराष्ट्रात वाढला. 2019 मध्ये कामठीतून चंद्रशेखर बावनकुळेंचं तिकीट कापलं, तेली समाज नाराज झाल्याची चर्चा झाली, आणि 2022 मध्ये तेच प्रदेशाध्यक्ष झाले. काँग्रेसचं तिकीटवाटपही याच गणितावर चालतं. जातीचा हिशेब करून तिकीट देणारा पक्ष चालतो, त्याचं बटण दाबताना हात अडखळत नाही. मग त्याच हिशेबाला उत्तर देणारा मतदार तेवढा दोषी कसा?

होय, वस्त्यांमध्ये मतांचे दलाल आहेत. आदल्या रात्री पाकिटं वाटली जातात हे मी नाकारत नाही. पण पाकीट घेणारा मत पाकीट देणाऱ्यालाच देतो याची खात्री वाटणाऱ्यालाही नसते. उलट सोसायटीचा रस्ता, कॉलेजची परवानगी, रुग्णालयाचा वाढीव एफएसआय यासाठी जे संबंध राखले जातात, त्यांची किंमत पाकिटापेक्षा पुष्कळ मोठी असते आणि ते कधी कोणाला दिसत नाहीत.

ही पेठ जात कधी पाळत नाही, असं तर कोणी म्हणू नये. फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर दलालाला फोनवरच सांगितलं जातं, ‘फॅमिली चांगली हवी, आणि आधी आडनाव कळवा.’ आडनाव ऐकून फ्लॅट ‘कालच गेला’ हे उत्तर मी शेजारी उभी राहून ऐकलं आहे. मुलीसाठी स्थळ पाहताना बायोडाटात पोटजातीचा रकाना पहिल्या पाच ओळींत असतो. वर्षाचे 364 दिवस ज्याला त्याच्या जातीची आठवण करून दिली जाते, त्याने मतदानाच्या दिवशी ती घरी ठेवून यावी असा उपदेश कोण कोणाला करतं आहे?

या पेठेतल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. नोव्हेंबर 2022 मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकी संसदेत गेले तेव्हा मराठी घरांत किती आनंद झाला! आपला माणूस. तो आनंद मला चुकीचा वाटला नाही. पण डेट्रॉइटच्या ज्या मतदारसंघातून ते गेले तिथे कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने आहेत, आणि त्या निवडणुकीने सुमारे सत्तर वर्षांत प्रथमच डेट्रॉइटला संसदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. अमेरिकेतही चर्चा कायम ‘काळ्यांच्या मतां’ची होते. 1964 मध्ये जॉन्सन यांनी नागरी हक्कांचा कायदा केला आणि रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याच्या विरोधात मत दिलं, म्हणून ती मतं एका बाजूला गेली. कारण समोर होतं आणि ते राजकीय होतं. पण 1964 नंतर गोऱ्या मतदारांचं बहुमत अध्यक्षपदाच्या एकाही डेमोक्रॅट उमेदवाराला मिळालेलं नाही, याला कोणी ‘गोऱ्यांचा गठ्ठा’ म्हणत नाही. जो गट स्वतःला सर्वसाधारण माणूस समजतो त्याला आपला रंग दिसत नाही, तशी आपली जातही दिसत नाही.

आणि काम पाहून मत देणाऱ्यांची परीक्षा विदर्भाने एकदा घेतली होती. 1954 मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काम पाहायचं तर राज्यघटना समोर होती, शिक्षण पाहायचं तर देशात त्यांच्या तोडीचे उमेदवार मोजके होते. निवडून आले काँग्रेसचे भाऊराव बोरकर. त्याआधी 1952 मध्ये मुंबईतही बाबासाहेब काँग्रेसच्या काजरोळकरांकडून हरले होते. राखीव जागेवर फक्त दलितांची मतं पडत नव्हती, सगळ्यांची पडत होती. तेव्हा उमेदवाराचं काम बाजूला ठेवून चिन्हाला मत कोणी दिलं?

उलट 1998 मध्ये काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन पक्षाचे चार जण लोकसभेत गेले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबई उत्तर-मध्यमधून रामदास आठवले. चारही जागा तेव्हा खुल्या होत्या, आणि त्यांतल्या तीन विदर्भातल्या. म्हणजे इतर जातींचे मतदार आंबेडकरी उमेदवाराला मत देऊ शकतात, फक्त पक्षाने तो त्यांच्यासमोर ठेवावा लागतो.

नागपूर शहरात विधानसभेचे सहा मतदारसंघ आहेत. उत्तर राखीव, बाकी पाच खुले. या पाच जागांवर बौद्ध उमेदवार द्यायला मोठे पक्ष कचरतात. कारण विचारलं तर कार्यकर्ते खासगीत स्पष्ट सांगतात, ‘सीट निघणार नाही.’ कोणाच्या मतांअभावी निघणार नाही? इंदोऱ्याच्या तर नक्कीच नाही. त्यांना भीती वाटते ती धरमपेठ, लक्ष्मीनगर आणि रामदासपेठेची. पक्षांनी आपल्या अनुभवातून या पेठांबद्दल काढलेला हा निष्कर्ष आहे. विकासाला मत देतो म्हणणाऱ्यांना तो खोटा वाटत असेल तर त्यांनी आपल्या पक्षाकडे जाऊन पुढच्या निवडणुकीत खुल्या जागेवर बौद्ध उमेदवार मागावा, आपल्या सोसायटीत त्याच्या प्रचाराची सभा घ्यावी आणि रांगेत उभं राहून त्याला मत द्यावं. निकालानंतर निवडणूक अधिकारी फॉर्म 20 काढतात. त्यात प्रत्येक बूथवर कोणाला किती मतं पडली हे छापलेलं असतं. रामदासपेठेचे बूथ त्यात वेगळे वाचता येतात, आणि ते वाचायला इंदोराही बसलेला असेल.